कळफलक तोच, संकेत नवा

पाने जुळवणारे सॉफ्टवेअर स्वतःच्या बळावर चालत नाही. यंत्रातला प्रोसेसर आणि त्या यंत्राचा कारभार पाहणारी ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे व्यवहारात ज्या जोडीला 'प्लॅटफॉर्म' म्हणतात, तिच्या आधारावर ते उभे असते. ही जोडी बदलली की काल बिनतक्रार चालणारा प्रोग्राम आज उघडेनासा होतो, आणि दहा वर्षांपूर्वी छापलेल्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढायची म्हटली तर पडद्यावर अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसतात. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्या अशा स्थित्यंतराला कशा सामोऱ्या गेल्या, याचा इतिहास बहुधा अमेरिकी कंपन्यांच्या नावांनी सांगितला जातो. मराठी मुद्रणाचा इतिहास त्याहून गुंतागुंतीचा आहे, कारण येथे यंत्राबरोबरच अक्षर साठवण्याची पद्धतही बदलत गेली, आणि त्या बदलाचे केंद्र पुण्यात होते. त्याचे परिणाम पुण्यापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर असलेल्या मावळात आजही पाहायला मिळतात.

अमेरिकेतील घडामोडींचा उल्लेख तुलनेपुरता पुरे. अॅपल कंपनीने आपल्या मॅकिंटॉश संगणकांचा प्रोसेसर तीनदा बदलला: १९९४ मध्ये मोटोरोलाच्या ६८००० मालिकेकडून पॉवरपीसीकडे, २००६ मध्ये इंटेलकडे आणि २०२० मध्ये स्वतःच्या चिपकडे, शिवाय २००१ मध्ये ऑपरेटिंग सिस्टीमच मुळापासून नवी आणली. १९९० च्या दशकात वृत्तपत्रे आणि मासिके यांच्या पानजुळणीत क्वार्कएक्सप्रेस या प्रोग्रामची जवळजवळ मक्तेदारी होती. पण २००२ च्या आरंभी आलेली त्याची पाचवी आवृत्ती नव्या सिस्टीमवर थेट चालत नव्हती, आणि त्याच सुमारास अॅडोबीचा इनडिझाइन मात्र चालत होता. क्वार्कने सहावी आवृत्ती आणेपर्यंत २००३ साल उजाडले आणि तोवर अनेक ग्राहकांनी घर बदलले होते. पुढे इंटेलच्या वेळी पिछाडीवर राहण्याची पाळी अॅडोबीवर आली. क्वार्कची सातवी आवृत्ती २००६ मध्येच नव्या प्रोसेसरवर थेट चालू लागली, तर अॅडोबीचा संच २००७ पर्यंत जुन्या चिपसाठी लिहिलेल्या आज्ञांचे नव्या चिपसाठी चालता चालता भाषांतर करणाऱ्या 'रोझेटा' या सोयीवर, काहीशा संथ गतीने, काम करत राहिला. या साऱ्या उलथापालथीत एक गोष्ट मात्र स्थिर होती. इंग्रजी 'ए' हे अक्षर जुन्या यंत्रावर ज्या क्रमांकाने साठवले जाई, त्याच क्रमांकाने ते नव्यावरही साठवले जाई. मजकूर सुखरूप होता. प्रश्न फक्त प्रोग्रामचा होता.

मराठीला ही सोय नव्हती, आणि का नव्हती ते समजण्यासाठी १९८० च्या दशकात जावे लागते. कानपूरच्या आयआयटीत मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिपी संगणकावर आणण्याचे जे काम केले, त्यातून 'जिस्ट' हे तंत्र तयार झाले. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि हे काम तेथे आले. जिस्ट म्हणजे संगणकात बसवायचे एक कार्ड होते. त्या काळची डॉस ही सिस्टीम पडद्यावर फक्त ठरावीक घरांत अक्षरे मांडू शकत असे. हे कार्ड मध्ये पडून त्या घरांत देवनागरी अक्षरे उमटवी, आणि प्रोग्रामला त्याचा पत्ताही नसे. फाइलीत जे साठवले जाई ते 'इस्की' या सांकेतिक पद्धतीने, म्हणजे प्रत्येक मूळ वर्णाला एक क्रमांक देऊन. क ला एक क्रमांक, वेलांटीला एक, हलन्ताला एक. जोडाक्षर कसे दिसावे याची जबाबदारी कार्डाची, फाइलीची नव्हे. भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये या पद्धतीला मानकाचा दर्जा दिला. तिचे वैशिष्ट्य असे की ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व भारतीय लिपींसाठी एकच तक्ता होता, त्यामुळे देवनागरीत लिहिलेले नाव एका कळीसरशी बंगाली किंवा तमिळ लिपीत दाखवता येई.

मग विंडोज आली. विंडोज पडद्यावर अक्षरे घरांत मांडत नाही, ती चित्रासारखी रेखाटते, आणि ती रेखाटण्यासाठी फॉन्टच्या फाइलीतल्या आकृत्या वापरते. डॉसच्या घरांवर नजर ठेवून बसलेल्या कार्डाला येथे काही कामच उरले नाही. त्यातच छपाईच्या धंद्याने पेजमेकर हा प्रोग्राम स्वीकारला होता. १९८५ मध्ये अॅल्डस कंपनीने बाजारात आणलेला आणि १९९४ मध्ये अॅडोबीच्या हाती गेलेला हा प्रोग्राम म्हणजेच व्यवहारात 'डीटीपी'. शिशाचे खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याची जागा त्यावर काम करणाऱ्या ऑपरेटरने घेतली. पण पेजमेकरला इस्की ठाऊक नव्हती आणि ती शिकवण्याचे अॅडोबीला काही कारण नव्हते. त्याला कळत होते ते एवढेच: एका बाइटचा एक क्रमांक आणि त्या क्रमांकाला फॉन्टमध्ये असलेली एक आकृती. असे क्रमांक २५६, आणि त्यांतले काही सिस्टीमसाठी राखीव.

भारतीय सॉफ्टवेअर निर्मात्यांनी यावर काढलेला तोडगा चलाख होता. देवनागरीची अक्षरे सुट्या तुकड्यांत फोडायची, ते तुकडे रोमन अक्षरांच्या जागांवर बसवायचे, आणि ऑपरेटरने कळ दाबली की योग्य तुकडे योग्य क्रमाने पाठवणारा एक छोटा प्रोग्राम मध्ये ठेवायचा. पेजमेकरच्या समजुतीप्रमाणे तो इंग्रजीच जुळवत असे. कागदावर मराठी उमटे. सी-डॅकचा आयएसएम आणि पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेक कंपनीचा श्री-लिपी ही या तोडग्याची महाराष्ट्रातली दोन सर्वात परिचित रूपे, आणि बंगळूरच्या सायबरस्केपचा आकृती हे तिसरे. पण तुकडे कसे पाडायचे आणि कोणत्या जागी बसवायचे, हे प्रत्येकाने आपापल्या मनाप्रमाणे ठरवले.

'शासन' हा शब्द घेतला तर फरक डोळ्यांसमोर येतो. श्री-लिपीच्या ०७१४ या सुप्रसिद्ध फॉन्टमध्ये तो चार खुणांत साठवला जातो: रोमन लहान 'ई' म्हणजे श, लहान 'एम' म्हणजे काना, लहान 'जी' म्हणजे स आणि मोठा 'झेड' म्हणजे न. सी-डॅकच्या सुरेख, योगेश या फॉन्टांमध्ये त्याच शब्दाला सात खुणा लागतात, कारण तेथे श, स आणि न यांचा अर्धा भाग आणि उभा दंड वेगवेगळे असतात. भरीस भर म्हणजे अक्षराचा दंड आणि काना यांसाठी एकच खूण आहे, म्हणून 'शा' लिहिताना ती लागोपाठ दोनदा येते. पहिली श चा दंड, दुसरी काना. वाचणाऱ्या माणसाला हे कधी दिसत नाही. पण ती फाइल फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली, किंवा एका कंपनीच्या मजकुराला दुसऱ्या कंपनीचा फॉन्ट लावला, की रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांचा निरर्थक कचरा समोर येतो. महाराष्ट्रातल्या सरकारी कार्यालयांत आणि छापखान्यांत काम केलेल्या कुणालाही तो ओळखीचा आहे.

येथे एक विचित्र वळण नोंदवायला हवे. डॉसवरची इस्की फाइल हा खरा मजकूर होता; त्यात शब्द शोधता येत असे, अकारविल्हे लावता येत असे. विंडोजवर आल्यानंतर पडदा देखणा झाला, अक्षरवळणे शेकड्यांनी मिळू लागली, आणि फाइलीतला मजकूर मात्र चित्रांच्या तुकड्यांची यादी होऊन बसला. तंत्रज्ञान पुढे गेले आणि मराठी मजकूर एक पायरी मागे आला. याचा दोष एकट्या निर्मात्यांना देणे रास्त ठरणार नाही, कारण ज्या पेजमेकरवर सारा धंदा चालत होता त्याच्याशी जुळवून घेण्याचा दुसरा मार्गच नव्हता. पण प्रत्येकाने आपली तुकडेपद्धती वेगळी ठेवली आणि बरेचदा ती फाइल उघडण्यासाठी संगणकाच्या मागे लावायचे 'लॉक', म्हणजे डोंगल, विकत घ्यायला लावले, हा भाग तांत्रिक सक्तीचा नव्हता. तो धंद्याचा हिशेब होता. ग्राहक एकदा एका पद्धतीत मजकूर साठवू लागला की त्याला दुसरीकडे जाणे महाग पडते, हे त्या हिशेबात धरलेले होते.

तरीही या निर्मात्यांनी एक गोष्ट कटाक्षाने सांभाळली, आणि स्थित्यंतराच्या काळात ते टिकून राहिले ते मुख्यतः तिच्यामुळे. त्यांनी ऑपरेटरच्या बोटांना धक्का लावला नाही. टंकलेखन यंत्रावर रेमिंग्टन पद्धतीचा कळफलक शिकलेला माणूस, सी-डॅकबरोबर रूढ झालेला 'इन्स्क्रिप्ट' शिकलेला माणूस आणि इंग्रजी उच्चारावरून मराठी टंकणारा माणूस, या तिघांनाही एकाच प्रोग्राममध्ये आपापला कळफलक मिळत असे. खाली विंडोज ९५ असो की एक्सपी, फॉन्ट जुना असो की नवा, बोटे त्याच कळीवर जात. डीटीपीचे दर पानावर ठरतात, त्यामुळे ऑपरेटरचा वेग म्हणजेच त्याची मिळकत, आणि कळफलक बदलणे म्हणजे काही महिने निम्म्या वेगाने काम करणे. सॉफ्टवेअर विकणाऱ्यांना हे अचूक कळले होते.

दरम्यान जगाच्या पातळीवर 'युनिकोड' उभे राहत होते. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक वर्णाला एक कायमचा, कोणत्याही कंपनीच्या मालकीचा नसलेला क्रमांक देण्याची ही योजना १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातला देवनागरीचा तक्ता १९८८ च्या इस्कीवरूनच घेतला होता, म्हणजे कानपूर-पुण्याचे काम त्या मार्गाने जागतिक मानकात शिरले. या योजनेचा आवाका किती मोठा आहे याची मावळापुरती कल्पना द्यायची तर कार्ले आणि भाजे येथील लेण्यांतले दानलेख ज्या ब्राह्मी लिपीत कोरले आहेत तिला २०१० मध्ये युनिकोडचे क्रमांक मिळाले, आणि पेशवाईतले या भागातले कागद ज्या मोडीत आहेत तिला २०१४ मध्ये.

पण क्रमांक मिळाला म्हणून अक्षर दिसू लागत नाही. क्रमांकांच्या रांगेतून 'क्ष्म' किंवा 'र्त्स्न्य' यांसारखे जोडाक्षर घडवणारी यंत्रणा सिस्टीममध्ये असावी लागते आणि तिच्या सूचना समजणारा फॉन्ट लागतो. मायक्रोसॉफ्ट आणि अॅडोबी यांनी मिळून आणलेला 'ओपनटाइप' हा फॉन्टचा नवा साचा अशा सूचना पोटात बाळगू शकतो. विंडोज २००० मध्ये देवनागरीसाठी ही सोय पहिल्यांदा आली, आणि तिच्याबरोबर 'मंगल' हा फॉन्ट आला. त्याचे आरेखन कवी, सुलेखनकार आणि मुंबईच्या आयआयटीत अध्यापन केलेले र. कृ. जोशी यांचे. विंडोज एक्सपीमध्ये ही सोय मुळात बंद असे. सेटिंगमध्ये जाऊन ती चालू करावी लागे आणि त्यासाठी बहुतेक वेळा सिस्टीमची सीडी हाताशी असावी लागे. एवढ्या एका अडचणीमुळे पुष्कळ लोकांनी युनिकोडला 'मराठी नीट दिसत नाही' असा शेरा मारून बाजूला ठेवले.

छपाईच्या धंद्याची अडचण याहून मोठी होती. पेजमेकरची सातवी आणि शेवटची प्रमुख आवृत्ती २००१ मध्ये आली, आणि तिला युनिकोड शेवटपर्यंत कळले नाही. अॅडोबीने पुढचा वारस म्हणून इनडिझाइन पुढे केला. त्याला युनिकोड कळत होते, पण भारतीय लिपींची जोडाक्षरे घडवण्याची सोय त्यात उघडपणे उपलब्ध झाली ती २०१२ मध्ये, सीएस-६ या आवृत्तीत, आणि तीही एक छोटी आज्ञावली चालवून सुरू करावी लागे. त्याच वर्षी कोरलड्रॉ या रेखाटनाच्या प्रोग्रामच्या एक्स-६ आवृत्तीतही गुंतागुंतीच्या लिपींसाठी आधार आला. म्हणजे पत्रव्यवहार, ईमेल आणि संकेतस्थळे युनिकोडमध्ये गेल्यानंतर, मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाल्यानंतर, पुस्तके आणि नियतकालिके जवळजवळ दशकभर जुन्याच फॉन्टांत जुळत राहिली. मराठी लेखक मजकूर युनिकोडमध्ये पाठवी आणि छापखाना तो जुन्या फॉन्टात उलटवून घेई. छापून झाल्यावर तोच मजकूर संकेतस्थळासाठी पुन्हा युनिकोडमध्ये आणावा लागे.

या दुहेरी वाहतुकीसाठी निर्मात्यांनी जे पूल बांधले त्यांना 'कन्व्हर्टर' म्हणतात, आणि श्री-लिपी व आयएसएम यांच्या नंतरच्या आवृत्त्यांमध्ये ते दिलेले असत. हे काम वरवर वाटते तितके यांत्रिक नाही. जुन्या फॉन्टांत खुणा दिसण्याच्या क्रमाने साठवल्या जातात, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. 'आर्थिक' हा शब्द जुन्या पद्धतीत आ, मग पहिली वेलांटी, मग थ, मग त्याच्यावरचा रफार, मग क असा असतो. युनिकोडमध्ये मात्र आ, र, हलन्त, थ, वेलांटी, क असा. म्हणजे कन्व्हर्टरने वेलांटी उचलून थ च्या पलीकडे न्यायची आणि रफार उचलून थ च्या अलीकडे आणून त्याचा र आणि हलन्त करायचा. 'अस्थिर' मध्ये वेलांटीला अर्धा स आणि थ अशा दोघांना ओलांडावे लागते. जोडाक्षर कोठे सुरू होते आणि कोठे संपते हे नियमांनी सांगता येते, पण जुन्या मजकुरात ऑपरेटरने केलेल्या करामती नियमात बसत नाहीत. फॉन्टमध्ये हवे ते जोडाक्षर नसले की दोन तुकडे जवळ ओढून ते 'दिसेल' असे करणे, अनुस्वार नीट बसत नसला तर टिंबासारखी दुसरीच खूण टाकणे, हे त्या पिढीचे कसब होते. कागदावर ते खपून गेले; रूपांतर करताना नेमके तेथेच शब्द फुटतो.

त्यात मराठीच्या स्वतःच्या काही गरजा होत्या आणि त्या हिंदीला समोर ठेवून बनवलेल्या सोयींमध्ये सुटून गेल्या होत्या. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'तऱ्हा' यांतला य किंवा ह ला चिकटणारा आडवा अर्धा र अनेक ठिकाणी रफार होऊन उमटे. 'ॲड.' किंवा 'ॲप' लिहिण्यासाठी लागणाऱ्या ॲ ला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक २००८ साली मिळाला. तोवर अ वर अर्धचंद्र चढवण्याचे तऱ्हेतऱ्हेचे उपाय चालत होते, आणि एकच शब्द दोन-तीन प्रकारे साठवला गेल्याने शोधताना सापडत नसे. ल आणि श यांची मराठी वळणे हिंदीहून वेगळी आहेत. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला आणि वळणे प्रमाणित केली, तेव्हा हा फरकही अधिकृत झाला. ओपनटाइप फॉन्टमध्ये 'भाषा मराठी' अशी सूचना मिळाल्यास ही वळणे आपोआप निवडण्याची सोय असते, पण फॉन्टकर्त्याने ती घातलेली असावी लागते आणि पान जुळवणाऱ्याने मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदवावी लागते. दुसरी गोष्ट बहुतेक ठिकाणी होत नाही. आजही अनेक मराठी पुस्तकांत ल हिंदी वळणाचा दिसतो, त्याचे कारण बऱ्याचदा एवढेच असते.

मावळात या साऱ्याचे दोन वेगळे चेहरे दिसतात. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये स्थापन केलेले कैवल्यधाम आहे, ज्याचे 'योगमीमांसा' हे नियतकालिक त्याच वर्षापासून सुरू झाले आणि ज्याने योगावरील संस्कृत ग्रंथांच्या चिकित्सक आवृत्त्या काढल्या. स्वामी दिगंबरजी आणि पंडित रघुनाथशास्त्री कोकजे यांनी संपादित केलेली 'हठप्रदीपिका' १९७० ची, म्हणजे डीटीपीच्या बरीच आधीची. त्याच गावात डॉ. म. ल. घरोटे यांची लोणावळा योग इन्स्टिट्यूट हस्तलिखितांवरून ग्रंथ संपादित करत आली, आणि मनशक्ती प्रयोग केंद्र मराठी पुस्तके प्रसिद्ध करत आले. एवढ्याशा थंड हवेच्या गावात प्रकाशनाचे असे काम चालावे, ही गोष्ट चिक्की घेऊन परतणाऱ्या पर्यटकाच्या सहसा लक्षात येत नाही.

संस्कृत ग्रंथाच्या चिकित्सक आवृत्तीत एकाच पानावर देवनागरी श्लोक, त्याखाली टिंबे आणि आडव्या रेघा असलेल्या रोमन अक्षरांतले लिप्यंतर, इंग्रजी भाषांतर आणि तळटिपांत पाठभेद असतात. जुन्या फॉन्टांच्या जगात हे काम जिकिरीचे होते, कारण देवनागरीच्या तुकड्यांनी रोमन अक्षरांच्याच जागा अडवलेल्या असत. एका ओळीत श्लोकातला शब्द, मग इंग्रजी, मग पुन्हा संस्कृत असे आले की दर वेळी फॉन्ट बदलावा लागे, आणि लिप्यंतराच्या टिंबांसाठी तिसरा फॉन्ट. मजकूर एका प्रोग्राममधून दुसऱ्यात नेताना फॉन्टची नोंद गळाली की कोणता भाग संस्कृत आणि कोणता इंग्रजी हे यंत्राला सांगता येत नसे, कारण त्याच्या दृष्टीने दोन्ही सारखीच रोमन अक्षरे. शिवाय २५६ जागांत सगळी संस्कृत जोडाक्षरे मावत नसत. मराठी वृत्तपत्राला पुरणारा फॉन्ट 'ङ्क्त' किंवा 'द्ध्व' पाशी अडे. अशा ग्रंथाचे सूचिपत्र यंत्राकडून करून घेणे तर दूरच. युनिकोडमध्ये देवनागरी, इंग्रजी आणि टिंबांची रोमन अक्षरे एकाच फाइलीत, प्रत्येकी आपल्या क्रमांकाने नांदतात, आणि पाठभेदांची तुलना यंत्राकडून करून घेता येते. नव्या प्लॅटफॉर्मचा सर्वाधिक लाभ कुणाला झाला असेल, तर तो वृत्तपत्रांहूनही अशा ग्रंथकारांना झाला.

दुसरा चेहरा बाजारपेठेतला. वडगाव, तळेगाव, कामशेत, लोणावळा येथे चालणारे डीटीपीचे काम म्हणजे लग्नपत्रिका, अखंड हरिनाम सप्ताहाच्या पत्रिका, बैलगाडा शर्यतीचे फ्लेक्स, ग्रामपंचायतीच्या नोटिसा, बिलबुके आणि चिक्कीच्या खोक्यावरचा मजकूर. येथे मजकूर शोधायचा नसतो, साठवायचा नसतो; लग्न लागले की पत्रिकेची फाइल निरुपयोगी. ग्राहकाला हवे असते ते गेल्या वर्षी चुलतभावाच्या पत्रिकेवर होते तेच सजावटीचे वळण, आणि ती वळणे वर्षानुवर्षे जुन्या फॉन्टांतच मुबलक होती. युनिकोडमध्ये सुबक, विनामूल्य फॉन्ट आले ते उशिरा. मुंबईच्या एक टाइप या आरेखकांच्या गटाचे 'मुक्त' आणि 'बलू' हे त्यांतले ठळक. मोबाइलवर ग्राहक मजकूर पाठवतो तो युनिकोडमध्ये, दुकानदार तो कन्व्हर्टरमधून काढून जुन्या फॉन्टात घेतो, नावे एकदा वाचून पाहतो आणि कोरलड्रॉच्या जुन्या आवृत्तीत पत्रिका पूर्ण करतो. याला मागासलेपणा म्हणणे सोपे आहे. वस्तुतः ज्याच्या कामाला मजकुराचे भविष्य नाही, त्याने मजकुराच्या भविष्यासाठी खर्च का करावा, हा त्याचा प्रश्न रास्त आहे, आणि सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनीही तो ओळखून जुने फॉन्ट आणि नवे फॉन्ट एकाच संचात शेजारी शेजारी देणे चालू ठेवले.

फरक पडतो तो यंत्रच साथ सोडते तेव्हा. चौसष्ट बिटांच्या विंडोजवर सोळा बिटांच्या काळातले प्रोग्राम चालतच नाहीत, आणि २०२१ मध्ये आलेली विंडोज ११ केवळ चौसष्ट बिटांची आहे. जुने लॉक प्रिंटरच्या ज्या रुंद खाचेत बसत असे ती खाच नव्या संगणकांवर राहिलेली नाही. पेजमेकरच्या फाइली उघडण्याची सोय इनडिझाइनमध्ये सीएस-६ पर्यंत होती. २०१३ पासून भाड्याने मिळणाऱ्या आवृत्त्यांमधून ती काढून टाकली गेली. पोस्टस्क्रिप्ट टाइप-१ या जुन्या साच्याच्या फॉन्टांना अॅडोबीने जानेवारी २०२३ पासून आपल्या प्रोग्राममध्ये थारा देणे बंद केले. म्हणून अनेक ठिकाणी एक जुना संगणक, त्यावर विंडोज एक्सपी, पेजमेकर ६.५ आणि लॉक, एवढ्यासाठीच जपून ठेवलेला असतो, आणि त्याची हार्ड डिस्क गेली की त्याबरोबर वीस वर्षांचे अंक जातात.

निर्मात्यांच्या बाजूने पाहिले तर मॉड्युलर इन्फोटेकने केलेला प्रवास उल्लेखनीय आहे. पेजमेकरला फसवून रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले ०७१४ हे वळण याच कंपनीने पुढे ओपनटाइपमध्ये आणले, आणि अॅपलने ते 'श्री देवनागरी ७१४' या नावाने आपल्या मॅक संगणकांच्या सिस्टीमबरोबर देण्यास सुरुवात केली. म्हणजे ज्या वळणात महाराष्ट्रातल्या वृत्तपत्रांनी आणि कचेऱ्यांनी लाखो पाने छापली ते आता मॅकवर काही विकत न घेता, लॉक न लावता, इतर कोणत्याही युनिकोड फॉन्टप्रमाणे वापरता येते. आकृती तीच आहे. आत श म्हणजे लहान 'ई' राहिलेला नाही. सी-डॅकनेही आपली अनेक वळणे युनिकोडमध्ये आणून विनामूल्य खुली केली.

जुना साठा ज्यांना पुढे न्यायचा आहे त्यांच्यापुढचा क्रम आता बराचसा ठरलेला आहे, फक्त तो वेळेत करावा लागतो. पेजमेकरची फाइल जुन्या यंत्रावर उघडून मजकूर बाहेर काढायचा, तो कोणत्या कंपनीच्या कोणत्या पिढीच्या फॉन्टात आहे हे नक्की करायचे, कारण एकाच कंपनीच्या दोन आवृत्त्यांतही तुकड्यांच्या जागा बदललेल्या असू शकतात, आणि मग कन्व्हर्टर चालवायचा. पानाची मांडणी सीएस-६ मधून पुढे आणता येते, पण तिच्यातला मजकूर त्यामुळे युनिकोड होत नाही. हा गैरसमज सर्रास आढळतो. त्यानंतर छापील प्रत शेजारी ठेवून मुद्रितशोधन करायचे आणि विशेषतः आकडे, अवग्रह, रफार आणि आडवा र तपासायचे. गद्य पुस्तकात चुकलेला रफार वाचकाच्या लगेच ध्यानात येतो. चिकित्सक आवृत्तीच्या तळटिपेत, जेथे दोन हस्तलिखितांतला फरक एका रफाराचाच असतो, तेथे रूपांतरात गळालेला रफार एका हस्तलिखिताचा पाठ दुसऱ्याच्या नावावर टाकतो, आणि ते ओळखायला संस्कृत जाणणारा मुद्रितशोधक लागतो.